सल्ला हवा : नऊ-दहा जणांच्या गटात क्रिएटिव्ह उपासना कशी चालवावी?

मोहरीचा_दाणा
घरगुती ख्रिस्ती गट आहे, वयं चौदापासून सत्तरीपर्यंत. वेळ पाऊण तास. क्रम ठरलेला: दोन गाणी, शास्त्रवाचन, संदेश, मग एकाचीच लांबलचक प्रार्थना. बाकीचे नुसते ऐकतात. पुढच्या चार उपासना माझ्याकडे आहेत. मेणबत्त्या, दगड, रंग वगैरे वापरतात असं ऐकलंय, पण पोरखेळ वाटायला नको. वाजवणारं कोणी नाही. काय करावं, काय टाळावं?

शांतवेळ
आधी शास्त्रभाग (बायबलमधला उतारा) ठरवा, वस्तू नंतर. घरात दगड पडलेत म्हणून दगडाचं वचन (बायबलमधली क्रमांकाची ओळ) शोधायला गेलात की पोरखेळ तिथेच सुरू होतो.

शास्त्रभागात क्रियापद शोधा. उदाहरणार्थ, मार्क १०:४६-५२ (मार्कच्या पुस्तकातला अध्याय १०, वचनं ४६ ते ५२), आंधळा बार्तीमय. ५०व्या वचनात तो आपलं वस्त्र टाकून उठतो. हे वस्त्र म्हणजे गरिबाचं पांघरूण. निर्गम या बायबलमधल्याच पुस्तकात २२:२६-२७ मध्ये नियमच आहे की गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत द्यायचं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. एवढी माहिती दोन वाक्यांत सांगा, संदेश देत बसू नका.

प्रत्येकाच्या हातात हातरुमालाएवढं जाडसर कापड द्या. भाग दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत. दुसऱ्या वाचनात ५०व्या वचनाशी थांबा. ज्याला वाटेल त्याने आपलं कापड मधोमध ठेवावं. मग ५१वं वचन वाचा, जिथे येशू त्याला काय हवं ते विचारतो. त्यानंतर दोन मिनिटं शांतता, आणि ५२व्या वचनाने शेवट.

ही दोन मिनिटं घड्याळ लावूनच मोजा. चालवणाऱ्याला तीस सेकंदच युगासारखे वाटतात आणि तो घाईने बोलून टाकतो. शांतता किती वेळ असेल आणि ती कशाने संपेल, हे आधीच सांगा. नाहीतर लोक मनन करत नाहीत, पुढे काय म्हणून डोळे किलकिले करून बघत बसतात.

सूचना एकदाच, सुरुवातीला द्या: काय करायचं, कधी करायचं, आणि नाही केलं तरी चालेल. हे तिसरं बहुतेक जण विसरतात. मग सत्तरीतली मंडळी संकोचाने करतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

पांढरी_चार
गाण्याचं सांगतो. वाद्य नसेल तर चार-पाच कडव्यांची गाणी धरूच नका. दोन ते चार ओळींचं धृपद घ्या आणि पाच-सहा वेळा म्हणा. फ्रान्समधल्या तेझेच्या समुदायाची (ब्रदर रॉजेर यांनी १९४०मध्ये सुरुवात केली) गायनपद्धत हीच: छोटी ओळ, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या आवर्तनापर्यंत कागदावरची नजर उठते, खरं गाणं तिथून सुरू होतं.

पट्टी धरताना पहिला स्वर बघू नका, गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर आधी म्हणून बघा. तो आरामात लागला तर ठीक. गायकाच्या रेकॉर्डिंगची पट्टी बहुधा उंच असते, मग पुरुष मंडळी मध्येच गप्प होतात. फोनवर तानपुरा लावून ठेवला तरी सूर घसरत नाही. रेकॉर्डिंग लावायचंच असेल तर आधी डाउनलोड करा (जाहिरात प्रार्थनेच्या मध्येच येते, हा नियमच आहे) आणि आवाज इतका कमी ठेवा की गटाला स्वतःचा आवाज ऐकू येईल.

न गाता करायचं असेल तर बायबलमधलं स्तोत्र १३६. २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. पूर्वार्ध एकाने वाचायचा, हे पालुपद सगळ्यांनी. ९व्या वचनापर्यंत सृष्टी, १०पासून इस्राएलाचा इतिहास. २२व्या वचनाशी थांबा आणि प्रत्येकाला स्वतःचं एक वाक्य घालायला सांगा: 'ताप उतरला', 'भाऊ बोलायला लागला'. उत्तर तेच. मग २३पासून पुढे. वाचणाऱ्याने ओळीचा शेवट आवाज खाली आणून करावा, लोक आपसूक उचलतात.

वेळूकाठ
आता सामानाबद्दल, कारण बिघडतं ते इथेच.

मेणबत्त्या: पसरट ताटात पाचेक सेंटीमीटर कोरडी वाळू, त्यात बारीक मेणबत्त्या. मधली मोठी आधी पेटवा. तिच्यावरून लावताना न पेटलेली मेणबत्ती तिरपी करायची. पेटलेली तिरपी केली की मेण हातावर. पंखा बंद, पडदे लांब, पाण्याची बादली दाराशी.

पापांच्या कबुलीच्या चिठ्ठ्या पाण्यात सोडायच्या असतील तर बॉलपेन नको. त्याची शाई तेलकट असते, धुतली जात नाही. मुलांचे धुऊन निघणारे स्केचपेन घ्या. साधा कागद विरघळत नाही, फक्त अक्षरं पसरतात. पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाणी टेबलावर तसंच ठेवून आशीर्वाद द्यायचा, हे बरोबर नाही. १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर क्षमा मिळते, हे वचन) वाचा आणि भांडं सगळ्यांसमोर बाहेर न्या. चिठ्ठ्यांचं पुढे काय होणार ते लिहायच्या आधी सांगा. त्या घरमालकाच्या केराच्या डब्यात टाकू नका.

शांतवेळ
वेळूकाठशी सहमत. एक भर: योहान १३ (येशू शिष्यांचे पाय धुतो तो भाग) घेऊन एकमेकांचे पाय धुणार असाल तर हात धुण्याचा पर्याय ठेवा. आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) यात पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारल्याशिवाय घेऊ नका. ते कोणी चालवायचं याचे नियम चर्चगणिक वेगळे आहेत.

मोहरीचा_दाणा
लांब प्रार्थनेचं काय करू? ती करणाऱ्यांना दुखवायचं नाही.

पांढरी_चार
मध्यस्थी प्रार्थना (दुसऱ्यांसाठीची) एका वाक्याची ठेवा: एक नाव, एक गरज, मग सगळे 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक'. त्यांना शेवटचं काम द्या, पण छापील: स्तोत्र १२१ मोठ्याने वाचायचं. आठच वचनं आहेत.

वेळूकाठ
चारही आठवडे वस्तू नकोत. पहिल्यांदा स्तोत्र १३६, दुसऱ्यांदा बार्तीमय, तिसऱ्यांदा फक्त गाणं आणि शांतता, मेणबत्त्या चौथ्यांदा. कापडं दहा नको, बारा कापून ठेवा. आयत्या वेळी कोणीतरी पाहुणा घेऊन येतंच.