मदत हवी आहे : मोठे कोच एलएसयूकडे का ओढले जातात?

नमस्कार मंडळी. मुलगा अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (एलएसयू) शिकतोय, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलचं वेड आता आमच्याही घरात शिरलंय. विद्यापीठाच्या गावी, बॅटन रूजला, त्याच्याबरोबर मॅच पाहिली. स्टेडियमसमोर विद्यापीठाने खराखुरा वाघ ठेवलाय, माइक नावाचा. पोरंटोरं कुंपणाला चिकटून उभी होती. आत लाखभर माणूस, आवाजाने बसायचा बाकसुद्धा थरथरत होता.

2021 मध्ये कोच ब्रायन केली नोत्र दाम विद्यापीठासारखं मानाचं ठिकाण सोडून इथे आले. करार 10 वर्षांचा, सुमारे 9.5 कोटी डॉलरचा. पण नुसता पैसा हे कारण मला पटत नाही. सेबन (2003), माइल्स (2007), ऑर्जेरॉन (2019) या त्यांच्या आधीच्या तिन्ही कोचनी इथेच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग राज्यातच तयार होणारे तगडे खेळाडू हे खरं आकर्षण, की 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात म्हणून त्यांच्यावर पैसा ओतणारे श्रीमंत देणगीदार? आणि जिंकलं नाही तर लवकरच हातात नारळ, हे ठाऊक असूनही कोच येतातच कसे?

मुलाला यावर वर्गात बोलायचंय. तिकडे राहून हा खेळ जवळून पाहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.