कुरडईचं पायली-शेराचं माप ग्रॅममध्ये कसं करायचं?

दारव्ह्याची सून
नमस्कार. आमच्या बचत गटानं या उन्हाळ्यात कुरडया अन् खारोड्या विकायला करायचं ठरवलं आहे. कृती सगळी सासूबाईंची. गहू पायलीनं, चीक (भिजवलेल्या गव्हाचं दाट सत्त्व) पितळी शेरानं, मीठ मुठीनं. घरापुरतं ते बरोबर जमतं. पण आता काम वेगवेगळ्या घरी चालतं, प्रत्येकीचं भांडं निराळं, त्यामुळे एकीची कुरडई छान फुलते अन् दुसरीची तळली की कडक राहते. काटा आणला आहे. पुतणी म्हणते, एक वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम धरा. हे सगळ्या जिनसांना चालते का?

मोर्शीची काकू
नाही बाई, चालत नाही. २४० मिलीचा कप घे. त्यात पाणी २४० ग्रॅम बसते, तेल २२० च्या आसपास, साखर २००, अन् मैदा फक्त १२० ते १२५. कप तोच. कणीक तर चाळून हलक्या हातानं भरली तर कमी, ठोकून भरली तर कितीतरी जास्त. म्हणून दुसऱ्याचा तक्ता घेऊ नको. सासूबाईंनाच माप भरू दे. रिकामं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण, मग त्या भरतील तसं मोज. पायली शीग लावून भरतात की हात फिरवून सपाट करतात, तेही लिहून ठेव. शिगेतच बरंच धान्य जाते.

शेराचं ध्यानात ठेव. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. १९५८ पासून किलो आले अन् तो मागे पडला. तुमचा पितळी शेर मापाचा आहे, त्यात काय भरलं त्यावर वजन ठरते. तिथं ९३३ लिहू नको.

आता खरी गोष्ट चिकाची. आपण एक माप चीक, एक माप पाणी घेतो. कोणी वजनानं "किलोला किलो" केलं, की घोटाळा झालाच. चीक पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून किलोभर चीक लिटरपेक्षा कमी भरतो. त्याला लिटरभर पाणी घातलं तर पाणी जास्त होते, घाटा सैल शिजतो अन् सोऱ्यातून पडलेली कुरडई पसरते. माझं मत विचारशील तर गहू, मीठ, तीळ, तिखट काट्यावर घ्या. चीक अन् पाणी मात्र एकाच भांड्यानं मोजा, सगळ्या घरी तेच भांडं द्या.

वणीचा भाऊ
काकू, चिकालाही काटा चालतो. चीक ढवळून लिटरचं भांडं काठोकाठ भरा अन् वजन करा. समजा १ किलो १८० ग्रॅम भरला, तर किलोभर चिकाला पाणी सुमारे ८५० ग्रॅम. गटाचं काम वाढलं की मोठ्या गंजाला (पातेल्याला) हेच सोयीचं.

मोर्शीची काकू
हिशोब बरोबर आहे भाऊ, पण चिकाचा दाटपणा रोज सारखा राहत नाही. वरचं पिवळं पाणी एक घर सगळं काढते, दुसरं थोडं ठेवते. रोज लिटर मोजून मगच हा भागाकार करावा लागेल. तो कोणी करत असेल तर जरूर करा. मिठाचं तर नक्की वजनच ठेवा, कारण खडे मीठ अन् बारीक मीठ एका चमच्यात सारखं बसत नाही, अन् कुरडई वाळली की खारटपणा अजून वाढतो.

दारव्ह्याची सून
काकू, भाऊ, धन्यवाद. सासूबाई पायली शिगेनंच भरतात, अन् शेर सपाट. दोन्ही मापं वेगळी का भरता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गव्हाले शीग राहते, चिकाले कशी राहीन?" उद्या गहू भिजवायच्या आधी त्यांच्याकडूनच पायली भरून घेते अन् वजन वहीत लिहिते. चिकासाठी सारख्या मापाची स्टीलची भांडी गटाच्या पैशातून घेऊ. खारोडीच्या बाजरीचं पण असंच करायचं का, की भरडल्यावर वजन घ्यायचं?

मोर्शीची काकू
भरडायच्या आधी, कोरड्या बाजरीचं. ओली करून भरडली की किती पाणी धरलं ते काट्याले समजत नाही.