देव झुआरी ओलांडून आदिलशहाच्या राज्यात का गेले?

वेर्णेकर, डोंबिवली

माघातल्या जत्रेला गोव्यात म्हार्दोळला जाऊन आलो. म्हाळसा आमची कुळदेवता. बाबा ८१ वर्षांचे, यंदा नेलं नाही तर पुन्हा जमेल न जमेल म्हणून डोंबिवलीहून गाडीच केली. लेक नववीत आहे. पितळी दीपस्तंभापाशी उभं राहून बाबा तिला घरातली नेहमीची गोष्ट सांगत होते. देवी मूळची झुआरी नदीच्या पलीकडची, गोव्यातल्या साष्टीतल्या वेर्ण्याची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा आपल्या माणसांनी तिला रातोरात होडीत घालून इकडे आणली. लेकीने विचारलं, "तेव्हा इकडे राज्य कोणाचं होतं?" बाबा म्हणाले, आदिलशहाचं. "पण तो तर मुसलमान ना? मग त्याच्याकडे देव कसे वाचले?"

मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागलं. पन्नास वर्षं ही गोष्ट ऐकतोय, पण हा प्रश्न कधी पडलाच नाही. अफजलखान याच आदिलशाहीचा सरदार. १६५९ मध्ये त्याने तुळजापूर-पंढरपूरला काय केलं ते बखरीत आहे. मग त्याच्या शंभर वर्षं आधी मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, रामनाथ सगळे त्याच राज्यात आसऱ्याला का आले? ख्रिस्ती धर्माच्या नावाने चालणारं राज्य आणि सुलतानाचं राज्य, यांत साध्या घराला काय फरक पडायचा? म्हणजे चूल, लग्न, मुलंबाळं यांना. कोणाच्या धर्माला नावं ठेवायला विचारत नाही. लेकीला खरं उत्तर द्यायचं आहे.

अंत्रुजकार

दादा, मी फोंड्याचा. तुमच्या लेकीचा प्रश्न आमच्याकडेही फार थोडे लोक विचारतात.

आधी एक गैरसमज दूर करतो. पोर्तुगीज आले त्याच दिवशी देवळं पाडायला लागले असं नाही. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कला गोव्यावर आणला तिम्मय्या या हिंदू आरमारी सरदाराने, आणि इथल्या हिंदूंनी त्याला साथ दिली, कारण विजापूरच्या अंमलदारांना लोक विटले होते. १५२६ च्या सनदेत गावकारांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे, जुने हक्क लिहूनही मिळाले. तीसेक वर्षं देवळं उभी होती. मग १५४० मध्ये तिसवाडीतली, म्हणजे गोवा बेटावरची, देवळं गेली आणि त्यांच्या जमिनी चर्चकडे वळवल्या. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश आदिलशहाच्या हातून पोर्तुगिजांकडे आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, त्याच साली मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली.

देवळांचं दुःख मोठंच, पण घराघरात धाक होता तो वेगळ्या हुकमाचा. १५५९ मध्ये लिस्बनहून फर्मान निघालं की पोरकी हिंदू मुलं ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवायची. मूळ फर्मानात आई-बाप, आजी-आजोबा कोणीच नसलेली मुलं होती. पुढे बाप गेला की मूल पोरकं ठरायला लागलं, आई जिवंत असली तरी. नवरा गेलेल्या बाईने रडायचं की पोरांना पदराखाली घेऊन नदी गाठायची? आमच्या घराण्यात अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, आलेलं पहिलं माणूस म्हणजे अशीच एक विधवा, दोन मुलगे घेऊन आलेली. तिचं नाव कोणालाच ठाऊक नाही. सर्वपित्रीला तिच्या नावाने पान वाढतात तेव्हा माझी आई "न्हंय उतरून आयिल्ली", नदी ओलांडून आलेली, एवढंच म्हणते. लग्नाचंही तेच. पोर्तुगीज हद्दीत हिंदू पद्धतीने लग्न लावायला बंदी, म्हणून वऱ्हाडं हद्दीबाहेर जायची.

आता सुलतान. त्याच्या राज्यात हिंदू बरोबरीचा नव्हता, हे झाकायचं कारण नाही. दिवाडीचं सप्तकोटेश्वर पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी बहमनींनी मोडलं होतं. पण विजापूरचा कारभार आपल्याच लोकांच्या हातांनी चालायचा. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचं दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणलं. सारा गोळा करणारे देसाई आणि कुलकर्णी हिंदू. ते उठून गेले तर वसूल कोण देणार? शेत पिकतंय, सारा येतोय, मग गावात कोणता देव येऊन बसला याची चौकशी करायला विजापूरहून कोणी येत नव्हतं. मी याला दया म्हणणार नाही. पण झुआरीच्या पल्याड रात्र काढलेल्या माणसाला एवढंही पुष्कळ होतं.

कुपारी, वसई

मी कॅथलिक, घरात सामवेदी बोली बोलतो. इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण ही आमचीही गोष्ट आहे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. कोणी भीतीने, कोणी जमिनीसाठी, कोणी मनापासून. मी आज मनापासून आहे.

एक गोष्ट मात्र हिंदू मित्रांच्या लक्षात येत नाही. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. बाटलेला माणूस गुपचूप जुन्या वाटेने जातोय का, हे ते न्यायालय बघायचं. म्हणजे आमच्यावर पाळत होती. गोव्यातल्या १७३६ च्या जाहीरनाम्यात काय काय आहे बघा. ख्रिस्ती माणसाने तुळस लावू नये, धोतर नेसू नये, भात मिठाशिवाय शिजवू नये. माझी आजी भाताच्या आधणात न चुकता चिमूटभर मीठ टाकायची, "आपल्यात असाच करतात" म्हणायची. मी ते चवीसाठी समजत होतो. तो जाहीरनामा वाचला त्या दिवशी जेवताना हात थांबला. आजीचं मीठ तिथूनच आलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तेव्हापासून भातात मीठ टाकताना आठवण होतेच.

गोव्यातला वैद्य गार्सिया द ऑर्ता आठवा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायला जायचा. ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. १५६८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. मेलेल्या माणसालाही सुटका नव्हती.

दाभोळचा

आम्ही कोकणी मुसलमान. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने आमचं दाभोळ जाळलं. १५१० च्या नोव्हेंबरात गोवा परत घेतल्यावर अल्बुकर्कने शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली आणि तसं स्वतः राजाला पत्रातून कळवलं. आम्हाला पलीकडे जायला सवडही मिळाली नाही. पुढे हजला जाणाऱ्या जहाजालाही पोर्तुगिजांचा परवाना लागायचा, कार्ताझ. त्यावर मरियम आणि येशूची चित्रं, म्हणून अकबराच्या दरबारातले काही उलेमा म्हणाले की अशा परिस्थितीत हज फर्ज राहत नाही.

पण मुसलमानांचं राज्य कायम भलं होतं असंही मी सांगणार नाही. रुदॉल्फो आक्वाविवा हा जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला गेला. अकबर बादशहासमोर मौलवींशी वाद घातले, इस्लामवर टीका केली आणि सुखरूप परतला. गोव्यात कोणा मौलवीने पाद्र्यांशी असा वाद घालून दाखवला असता का? १५८३ मध्ये परत येऊन काही महिने होतात तोच, देवळं पाडल्याने पेटलेल्या साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकारांनी त्याला चार साथीदारांसह मारलं. त्या गावकारांनाही मग असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. आणि ज्या तख्तासमोर आक्वाविवा निर्धास्त बोलला, त्याच तख्तावरून १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लावला.

अंत्रुजकार

दाभोळच्या भाऊंचं पटलं. पोर्तुगिजांचंही तसंच. १७६३ मध्ये त्यांनी आमचं फोंडं घेतलं, पण नव्या काबिजादीत, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखात, देवळांना हात लावला नाही. तोवर त्यांच्याच राज्यात जेझुइटांना हाकलून दिलं होतं. म्हणून आज म्हाळसा, मंगेश जागेवर आहेत. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी तिच्या छत्र्यांच्या उत्सवात कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकारही मान घेतात. एकदा लेकीला तेही दाखवा.

वेर्णेकर, डोंबिवली

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं लेकीला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोरक्या मुलांच्या फर्मानाशी लेकीने थांबवलं आणि आजोबांना विचारलं, तुमचे बाबा गेले तेव्हा तुम्ही केवढे होतात?

"सहा वर्षांचा," बाबा म्हणाले. मग बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसले. "म्हणजे मला नेलं असतं."