टाकीवाला प्रिंटर, छपाईत पांढऱ्या रेघा: हेड गेलं की वाचेल?

कर्वेनगरची

नमस्कार. घरी टाकीवाला ऑल-इन-वन इंकजेट आहे. प्रिंट, स्कॅन, कॉपी तिन्ही. घेतला तेव्हा मुलीची शाळा ऑनलाइन होती, वर्कशीटं काढून काढून हात दुखायचे. आता महिना-महिना झाकून पडलेला असतो. परवा सोसायटीच्या मीटिंगची नोटीस काढायला गेले तर अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा, आणि वरचा केशरी लोगो चक्क पिवळा!

हेड क्लिनिंग चार-पाच वेळा केलं. रेघा तशाच, टाक्यांमधली शाई मात्र डोळ्यांदेखत खाली गेली. मी काळंच छापतेय तरी निळीसुद्धा कमी झाली. ही शाई जाते कुठे? दुरुस्तीवाला म्हणतो हेड गेलं, आणि नव्या हेडचे जवळजवळ अर्ध्या प्रिंटरचे पैसे सांगतो. शिवाय फोनवर प्रिंटर कधी दिसतो, कधी ‘ऑफलाइन’.

आणखी एक. सासरे रात्री झोपताना फ्रीज आणि राउटर सोडून बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात. त्याचा काही संबंध असेल का?

तिरकस

विकून टाका. खाली झेरॉक्सवाला दोन रुपयांत पान देतो, तेही रेघांशिवाय. अगदीच घरी हवा असेल तर काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर ही कोरडी पूड आहे, सहा महिने हात नाही लावला तरी वाळायचा प्रश्न नाही. इंकजेट घरात ठेवणं म्हणजे जावई ठेवण्यासारखं आहे, रोज विचारपूस करावी लागते.

जोडाक्षर

ताई, दुरुस्तीवाल्याला इतक्यात हो म्हणू नका. अप्पा बळवंत चौकाजवळ माझं बरीच वर्षं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रबंध, क्लासच्या नोट्स, सगळं काढलंय. ‘हेड गेलं’ म्हणून समोर आलेल्या कितीतरी मशीनांचं हेड नुसतं चोंदलेलं असायचं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग. त्याला केसाहून बारीक भोकं असतात आणि आत पातळ शाई. काम संपलं की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं, म्हणजे भोकांना वारा लागत नाही. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की आधी हे बसणं होतं, मग दिवा विझतो. पण छपाई चालू असताना भिंतीवरचं बटण गेलं, किंवा गुरुवारी लाइट गेली, की हेड वाटेतच उघडं पडतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा अशी कोरडी की उघड्या भोकांतली शाई बघता बघता घट्ट होते. सासरे बटण बंद करतात तेव्हा प्रिंटर निवांतच असणार, म्हणजे हेड टोपीवर. तेवढं त्यांना माफ. मात्र काही मशीनं भिंतीवरून वीज तोडून पुन्हा दिली की दरवेळी थोडी शाई ओढून स्वतःला साफ करून घेतात. तो रोजचा खर्च तुमच्या टाकीतून.

आता शाई कुठे जाते. क्लिनिंग म्हणजे पंप लावून भोकांतून शाई खेचणं, आणि ती बहुतेक मशीनांत सगळ्याच रंगांची खेचली जाते. म्हणून काळं छापतानाही निळी उतरते. ही शाई तळाच्या जाड पॅडमध्ये जिरते. नव्या बऱ्याच मॉडेलांत त्याजागी बदलता येणारी डबी असते, तिला मेंटेनन्स बॉक्स म्हणतात. किती शाई आत गेली याचा हिशोब मशीन ठेवतं आणि पॅड भरलं असं त्याच्या हिशोबात आलं की छापायचंच थांबतं. तेव्हा क्लिनिंगवर क्लिनिंग करू नका. एप्सनच्या टाकीवाल्या मशीनांच्या पुस्तिकेत तर स्पष्ट आहे: तीनदा नोझल चेक (भोकं तपासायचं पान) आणि क्लिनिंग करून फरक पडला नाही तर किमान १२ तास मशीन तसंच राहू द्या, मग परत तपासा. त्या वेळात घट्ट शाई सैल होते, ओढून ओढून आत शिरलेले बुडबुडे बसतात. कितीदा तरी लोक संध्याकाळी रडत यायचे आणि सकाळी काही न करता पान स्वच्छ निघायचं.

पॉवर क्लिनिंग नावाचा मोठा प्रकार असतो, तो अगदी शेवटी. त्यासाठी टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर हवाच ओढली जाईल.

नोझल चेकचं पान नीट बघा. बारीक रेघांच्या पायऱ्या असतात. पायरी जिथे तुटलीय तिथलं भोक बंद. दर क्लिनिंगनंतर तुटलेल्या जागा बदलत असतील तर हवा आहे, थांबून काम होईल. तीच पायरी तिथेच तुटलेली राहिली तर वाळलेली शाई. तुमचा केशरी पिवळा आला म्हणजे मॅजेंटाच्या, म्हणजे गडद गुलाबी शाईच्या पायऱ्या बघा, कारण केशरी हा पिवळा आणि मॅजेंटा मिळूनच होतो. पिवळ्या पायऱ्या पांढऱ्यावर दिसत नाहीत. निळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलमधून बघा, काळ्या दिसतील.

मॉडेल सांगितलं नाहीत, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. छोट्या कार्ट्रिजवाल्या बऱ्याच एचपी-कॅननमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं, कार्ट्रिज बदललं की हेड नवं. टाकीवाल्या एप्सनमध्ये ते मशीनमध्येच कायमचं. कॅननच्या जी मालिकेत टाकी आहे पण हेड काढून घरी बदलता येतं. आणि कॅनन-एचपीचं हेड शाई तापवून बुडबुड्याने थेंब उडवतं, त्यामुळे टाकी रिकामी असताना छापत राहिलात तर हेड जळू शकतं. एप्सन-ब्रदरमध्ये तापवणं नाही, विजेने हलणारा स्फटिक थेंब ढकलतो.

तिरकसरावांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नुसते फॉर्म आणि नोटिसाच काढायच्या असतील तर लेझर बरा. पण घरात शाळेतलं पोर आहे म्हणजे प्रोजेक्टला रंगीत चित्रं लागणार, आणि तीही रात्री साडेनऊला आठवणार. टाकीवाल्यात ते स्वस्त पडतं. एप्सनने हे मशीन पहिल्यांदा २०१० साली इंडोनेशियात आणलं, कारण तिथे लोक कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेरून बाटल्या लावत होते. आपल्याकडेही सुईने शाई भरून देणारे काय कमी होते! फक्त बाटली घेताना तुमच्या मॉडेलचीच घ्या. काही मशीनांत काळी शाई पिगमेंट (पाण्यात बारीक कण) असते, काहींत डाय (विरघळलेला रंग). एकाच्या टाकीत दुसरी ओतली तर हेड खरंच जाऊ शकतं.

हिंजवडी_लोकल

जोडाक्षरकाकांनी शाईचं सांगितलं, मी वायफायचं सांगतो. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडताना गोंधळ होतो. राउटरमध्ये दोन्ही नावं वेगळी करा. आणि ‘ऑफलाइन’चं नेहमीचं कारण म्हणजे प्रिंटर बंद-चालू झाला की राउटर त्याला कधी कधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) देतो, लॅपटॉप जुन्यावरच हाका मारत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. म्हणजे सासरेबुवा इथेही संशयित आहेतच.

निवांत

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. आम्ही सिंहगड रोडला, जुलैत रिम उघडी ठेवली की कागद दमट होऊन दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. उरलेली रिम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात, आणि मागच्या ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं. त्या ट्रेमध्ये काय काय पडतं! आमच्याकडे कागद अडकतो म्हणून टॉर्च मारला तर आत खडूएवढा पेन्सिलचा तुकडा. शेजाऱ्यांकडे पाल निघाली.

कर्वेनगरची

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही म्हणालात तसं रात्रभर हात लावला नाही. सकाळी नोझल चेकमध्ये काळा पूर्ण, मॅजेंटाच्या दोन पायऱ्या तुटक्या. एक क्लिनिंग केलं, त्याही आल्या. लोगो केशरी! दुरुस्तीवाल्याला नाही कळवलं. आता रविवारी एक रंगीत पान काढायचं काम मुलीकडे दिलंय.

प्रिंटरचा प्लग राउटरच्या बोर्डाला हलवला. तिथल्या बटणाला सासरे स्वतःच कोणाला हात लावू देत नाहीत, मोबाइलवर मॅच असते ना.

त्यांचंच एक काम निघालंय. गावच्या जमिनीची जुनी कागदपत्रं शिवलेल्या वहीत आहेत, स्कॅन करून वकिलांना पाठवायची आहेत. शिवणीजवळची अक्षरं पुसट येतात. काचेत दोष असेल का?

जोडाक्षर

काचेत दोष नाही. घरगुती ऑल-इन-वनमध्ये सहसा सीआयएस नावाचा पातळ सेन्सर असतो, त्याला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. शिवणीजवळ पान वर उचललं जातं आणि अक्षर धूसर होतं. जोर देऊन वही दाबू नका, जुना कागद शिवणीवरच फाटतो. शिवणीकडची कड काचेच्या काठाशी ठेवून एकेक पान घ्या, तरी नाही आलं तर तेवढ्या भागाचा उजेडात मोबाइलवर फोटो.

३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. आणि स्कॅन रंगीतच करा, काळ्या-पांढऱ्यात नको. जुन्या कागदांवरचे शिक्के बहुधा जांभळे असतात, काळे झाले की खालच्या अक्षरांत मिसळतात आणि वकील परत मूळ कागद मागतो.