औषध कंपनीत क्यूसीसाठी (गुणवत्ता नियंत्रण विभागासाठी) अर्ज: अनुभव नसताना रेझ्युमे आणि कव्हर लेटरमध्ये काय लिहावे?

बडोद्याची_रसायनी

नमस्कार. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केली आहे आणि पादरा, सावली, हालोल या पट्ट्यातील औषध कंपन्यांच्या क्यूसी विभागांत अर्ज करीत आहे. कॅम्पसमध्ये निवड झाली नाही आणि बाहेर पाठवलेल्या अर्जांना अजून एकही उत्तर आलेले नाही.

माझा रेझ्युमे दोन पानांचा आहे. वर फोटो, मग ‘प्रगतिशील संस्थेत माझ्या कौशल्यांचा विकास साधणे’ असे उद्दिष्ट, नंतर दहावीपासूनच्या गुणांचा तक्ता, ‘एचपीएलसी, यूव्ही व डिसोल्यूशनचे ज्ञान’ ही एक ओळ (एचपीएलसी म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, औषधातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत; यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मापन; डिसोल्यूशन म्हणजे गोळीतील औषध द्रवात किती वेगाने विरघळते याची चाचणी), छंद, वडिलांचे नाव आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र. वर्गातील जवळजवळ सर्वांचा नमुना हाच आहे. अनुभव नसताना त्यात आणखी काय लिहिता येईल? शिवाय कव्हर लेटर कोणी वाचते का, की तो वेळ वाया जातो?

क्यूसी_निवृत्त

क्यूसीच्या भरतीसाठी आलेले रेझ्युमे मी नोकरीत असताना बरीच वर्षे वाचले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘एचपीएलसीचे ज्ञान’ या ओळीवरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्र लांबून पाहिलेला विद्यार्थीही तेच लिहितो आणि वर्षभर त्यावर स्वतः काम केलेला विद्यार्थीही तेच लिहितो. तुमचा एम.एस्सी.चा प्रकल्प कशावर होता? समजा, पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेल्या गोळ्यांवर होता, तर असे लिहिता येईल: ‘पॅरासिटामॉल व कॅफीन यांच्या एकत्रित मापनासाठी सी-१८ कॉलम व यूव्ही डिटेक्टर वापरून एचपीएलसी पद्धत विकसित केली, आयसीएच क्यू२ मार्गदर्शिकेनुसार पाच संहत्यांवर रेषीयता आणि सहा नमुन्यांवर मापनाची पुनरावर्तनीयता तपासली.’ (कॉलम म्हणजे घटक वेगळे करणारी नळी; आयसीएच क्यू२ ही चाचणी-पद्धती तपासून पाहण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका.) एवढ्या दोन ओळींतून विभागप्रमुखाला तुम्ही काय हाताळले आहे ते दिसते आणि मुलाखतीचा पहिला प्रश्नही तिथेच सुचतो. हा प्रकल्प रेझ्युमेत शिक्षणाच्या खालोखाल, पहिल्याच पानावर यायला हवा. ते उद्दिष्टाचे वाक्य काढून टाकले की जागा आपोआप होते.

मात्र जे स्वतः केले तेवढेच लिहा, हे मी आग्रहाने सांगतो. अनेक प्रयोगशाळांत यंत्र तंत्रज्ञ चालवतात आणि विद्यार्थी फक्त नमुने तयार करून देतात. तसे असेल तर तसेच लिहा. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे द्रावण) बनवणे, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणे, त्यातील हवा काढणे, प्रमाणित द्रावणे अचूक वजनाने तयार करणे ही क्यूसीतील नवख्या माणसाची पहिल्या दिवसापासूनची कामे आहेत आणि ती नीट करणारी व्यक्ती कोणत्याही विभागाला हवीच असते. ‘कॉलमचा दाब अचानक वाढला तर काय पाहाल?’ या प्रश्नावर गप्प बसणाऱ्या उमेदवाराचा उरलेला रेझ्युमेही संशयास्पद वाटू लागतो. औषध उद्योगात नोंद ज्याची त्याने, काम करतानाच आणि खरी करायची असते. डेटा इंटिग्रिटीचा पायाच तो आहे. रेझ्युमे ही तुमची कंपनीच्या हाती पडणारी पहिली नोंद असते.

भरती_विभागातून

काकांशी मी सहमत आहे. फक्त त्यांच्यापर्यंत कागद पोहोचण्याआधी काय होते ते सांगते. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर रेझ्युमेतील मजकूर आधी सॉफ्टवेअर उचलते. तक्ते, दोन स्तंभांची मांडणी आणि चित्राच्या आत लिहिलेली अक्षरे यांत मजकुराची सरमिसळ होऊ शकते किंवा तो गळूनही जातो. त्यामुळे साधी एका स्तंभाची मांडणी ठेवा आणि वर्डमधून थेट पीडीएफ करा. छापलेला कागद स्कॅन करून पाठवू नका. जाहिरातीत ‘डिसोल्यूशन’ असेल आणि ते तुम्ही केले असेल, तर तोच शब्द वापरा. एचपीएलसीचे पूर्ण नावही एकदा लिहा, कारण छाननी करणारा दोहोंपैकी काय शोधेल ते आपल्या हातात नसते.

फोटो, वडिलांचे नाव, छंद आणि प्रतिज्ञापत्र काढा. आधार क्रमांक तर कधीच लिहू नये. दहावी-बारावीचे गुण मात्र एका ओळीत राहू द्या, कारण आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ते विचारतात. दुसरे पान लागणारच नाही.

एक गोष्ट आपली मुले हमखास विसरतात, ती म्हणजे भाषा. तुम्हाला मराठीबरोबर गुजराती आणि हिंदीही सहज बोलता येत असेल. प्लांटमधील ऑपरेटरकडून नमुना घेताना, एखाद्या बॅचबद्दल विचारताना गुजराती रोज लागते. ती ओळ जरूर लिहा. शिवाय ‘बडोद्यात वास्तव्य, शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी, त्वरित रुजू होऊ शकते’ हेही नावाखालीच लिहा, म्हणजे फोनवरचे तीन प्रश्न वाचतात.

सावली_जीआयडीसी

कव्हर लेटरबद्दल लिहितो. पोर्टलवर जोडलेले पत्र बहुधा उघडले जात नाही, हे खरे आहे. लहान आणि मध्यम कंपन्यांत मात्र ईमेल पुष्कळदा थेट क्यूसी प्रमुखाकडे जातो आणि तिथे ईमेलचा मजकूर हेच पत्र असते. ‘सोबत रेझ्युमे जोडला आहे, कृपया पाहावा’ एवढेच लिहून ही संधी घालवू नये. विषयाच्या ओळीत पद, शिक्षण आणि शहर द्या. खाली दोन छोटे परिच्छेद पुरेत.

बडोद्याची_रसायनी

सर्वांचे मनापासून आभार. माझा प्रकल्प मेटफॉर्मिनच्या गोळ्यांच्या डिसोल्यूशनवर होता आणि मापन यूव्हीवर मी स्वतःच करीत असे. एचपीएलसीवर फक्त नमुने तयार केले आहेत. पत्र इंग्रजीतच पाठवीन, पण त्याचा आशय असा ठेवला आहे:

‘आपल्या जाहिरातीतील क्यूसी ट्रेनी या पदासाठी मी अर्ज करीत आहे. आपली कंपनी या क्षेत्रात अग्रगण्य असून तिथे काम करणे हे माझे स्वप्न आहे. एम.एस्सी. प्रकल्पात मी मेटफॉर्मिनच्या गोळ्यांची डिसोल्यूशन चाचणी घेऊन यूव्हीवर मापन केले. मला शिकण्याची आवड आहे आणि मी कोणतेही काम करण्यास तयार आहे.’

क्यूसी_निवृत्त

तिसरे वाक्य उत्तम आहे. ते पहिल्या वाक्याला जोडा, त्यात गोळी कोणत्या द्रवात विरघळवली, किती आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि नमुने कोणकोणत्या वेळी काढले ते घाला. ‘अग्रगण्य’ आणि ‘स्वप्न’ असलेले वाक्य काढा, कारण ते कोणत्याही कंपनीला जसेच्या तसे पाठवता येते. त्याजागी ती कंपनी गोळ्या बनवते हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून लिहा, म्हणजे तुमची डिसोल्यूशनची कामगिरी त्यांना का उपयोगी आहे ते सांगावे लागणार नाही. ‘कोणतेही काम’ ऐवजी ‘एचपीएलसीसाठी नमुने तयार केले आहेत, यंत्र चालवणे शिकायचे आहे’ असे स्पष्ट लिहिलेत तरी चालेल. ट्रेनीकडून तेवढीच अपेक्षा असते.

रेझ्युमेत संदर्भासाठी प्रकल्पाच्या गाइडचे नाव देणार असाल तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि नवा रेझ्युमे त्यांनाही पाठवून ठेवा. कंपनीतून विचारणा झाली, तर त्यांनी सांगितलेले आणि तुम्ही लिहिलेले जुळायला हवे.