जुनी दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) घ्यावी का? मदत हवी आहे
मंडळी, मी नाशिकचा, लायसन्स आहे. दिंडोरीकडचे एक ओळखीचे काका बाराबोरची जुनी विलायती दुनळी विकतायत. शिकारीसाठी नकोय हं, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंद झालीये, मला नेमबाजीच्या रेंजवर अधूनमधून उडवायला आणि खरं सांगायचं तर जुन्या वस्तूंचा सोस म्हणून हवीये. घोळ असा की काका म्हणतात चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची आहे, मग त्यात ७० मिमीची, म्हणजे पावणेतीन इंची काडतुसं घातली तर प्रेशर वाढेल ना? शिवाय नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसते, दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुन्या पद्धतीची नळी) असेल तर आजची काडतुसं नकोच वाटतं. नळ्यांखालचे प्रूफचे (नळीची दाबचाचणी झाल्याचे) शिक्के वाचता येणारा, बंदूक उघडते तो सांधा ढिला झालाय का ते बघणारा भरवशाचा कारागीर नाशकात कोणी आहे का? काका घाई करतायत, म्हणून जरा धाकधूक होतेय.