घरच्या वंशशोधाचा अहवाल कसा लिहावा?

प्रश्न
वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर आहे, स्कॅन आणि टिपणांची फोल्डरंही आहेत. तरी तीच नोंदवही पुन्हा पुन्हा चाळली जाते, आणि पणजोबांचं जन्मवर्ष १८९१ का धरलं ते सांगता येत नाही. अहवालात काय असावं, तो किती लांब असावा आणि कधी लिहावा? वाचणारे घरचेच आहेत.

प्रतिसाद १
एका अहवालात एकच प्रश्न घ्या. 'पणजोबांची माहिती' हा प्रश्न नव्हे. 'अमुक गावी १९१५ साली लग्न नोंदलेल्या अमुक माणसाचे आईवडील कोण?' हा प्रश्न. नाव, एक तारीख, एक ठिकाण आणि एक नातं त्यात हवंच, नाहीतर त्याच नावाचा दुसरा माणूस नकळत आत शिरतो.

अहवालाचा क्रम असा: आधी ठाऊक असलेलं, मग काय तपासलं, काय मिळालं, त्यावरून काय ठरलं आणि पुढे काय पाहायचं. दोन-तीन पानं पुरतात. शोध संपायची वाट मात्र पाहू नका. फाइल पहिल्याच दिवशी उघडा आणि नोंद समोर असतानाच संदर्भ लिहा: दप्तर, खंड, पान, नोंद क्रमांक, पाहिल्याची तारीख, आणि मूळ कागद पाहिला, त्याचा स्कॅन, की कुणी केलेली सूची. सूचीत अक्षर चुकीचं लागलेलं असू शकतं.

प्रतिसाद २
न सापडलेलंही लिहा. तीच वही पुन्हा चाळायची वेळ ते न लिहिल्यानेच येते. नुसतं 'नाही मिळालं' कामाचं नाही. कोणती वर्षं पाहिली, नावाची कोणती रूपं शोधली, कोणती पानं फाटलेली होती? १८८८ ते १८९५ पाहिलं पण १८९२ चा खंडच गहाळ असेल, तर नोंद झालीच नव्हती असं म्हणता येणार नाही.

१८९१ हे मृत्युनोंदीतल्या वयावरून काढलंय का? १९५१ साली वय ६० म्हणजे वाढदिवस झाला होता की नाही, त्यावर १८९० किंवा १८९१. त्यातून ६० हा आकडा अंदाजाचाही असतो. माहिती देणाऱ्याला मृत्यू समक्ष माहीत असेल, जन्म बहुधा ऐकीव. नोंदी जुळत नसतील तर दोन्ही अहवालात ठेवा आणि एकीवर जास्त भरवसा का, ते लिहा. तीन कागद एकाच माणसाच्या सांगण्यावरून झाले असतील तर तो पुरावा एकच.

प्रश्नकर्ता
घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींचं काय? त्यांना कागद नसतो.

प्रतिसाद ३
तोही स्रोतच. कुणी, कधी सांगितलं आणि त्यांना कुणाकडून कळलं हे टिपा, शब्द त्यांचेच ठेवा. निष्कर्षात 'निश्चित', 'बहुधा', 'शक्य' हे तीनच शब्द ठरवून वापरा.

'बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स' या वंशसंशोधकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेची, निष्कर्ष सिद्ध झाला का हे ठरवणारी कसोटी आहे. तिची पाच अंगं आहेत: पुरेसा सखोल शोध, पूर्ण संदर्भ, पुराव्यांची छाननी, विसंगतींचा उलगडा आणि सकारण लिहिलेला निष्कर्ष. म्हणजे लिहिल्याशिवाय काम पुरं होतच नाही, वाचणारे घरचे असले तरी.

नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीतून हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते काढा. पहिल्या पानावर तारीख आणि आवृत्ती क्रमांक घाला. नवी नोंद मिळाल्यावर जुनी प्रत पुसू नका.